येळवशीचा सामना

नाही, पण मी म्हणतो, सामना येळवशीलाच ठेवायचा? अहो, वर्षात दिवस काय थोडे असतात? तुम्हाला सांगतो, कलकत्त्यात बसून तारखा ठरवणाऱ्यांना काय ठाऊक, की त्या अवसेला आमच्या बीदरकडं गावात चिटपाखरू नसतं! सगळा गाव शेतात, भज्जी, आंबील, आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही! आणि इकडं बाद पद्धत, मंडळी, बाद पद्धत! एकदा हरलं की घरी!

मी प्राणेश, कमठाण्याच्या रामाचार्यांचा मुलगा. कलकत्त्याला शिकलो. तिथल्या मैदानावर धुक्यातून फुटबॉलचा चेंडू वर जाताना पाहिला आणि वेडाच झालो हो... वाटलं, आपलीही पोरं अशी धावतील, खांद्याला खांदा लावून, चेंडू काय जात विचारतो? गावी परतलो, संघ जमवला, अख्ख्या हिंदुस्थानच्या चषकासाठी नाव दिलं. पहिली फेरी आमच्याच माळावर, सोलापूरच्या एका गिरणीच्या संघाशी. ती जिंकली की हैदराबाद, मग मुंबई, मग कलकत्ता... डोळे मिटले की मला तेच धुकं दिसायचं.

तर येळवशीला सकाळी माळावर जातो, तर तिथं कोण? मी आणि गोलाचे खांब! धावत आमच्या संघातल्या जगदेवप्पाच्या शेतात गेलो. म्हटलं, "अरे, सामना!" तो म्हणतो, "येतो की अण्णा. पर आधी बसा." म्हटलं, वेळ नाही. तर त्याची आई चन्नव्वा हळूच म्हणते, "ऱ्हाऊ दे रे. आचार्यांचं लेकरू, आपल्यातलं कसं खाईल?"

झालं! मी खाणार नाही? ज्यानं पारावर उभं राहून समतेची भाषणं दिली, तो मी? बसलो. पोटभर जेवलो. जगदेवप्पाला घेऊन ग्यानबाच्या शेतात गेलो, तर त्याची आई चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून उभी! "चन्नव्वाच्यात जेवलाव म्हनं? मग आमच्यात कामून न्हाई?" तिथंही बसलो! एकेका शेतातून एकेक खेळाडू, आणि एकेका खेळाडूमागं एकेक पंगत! माझ्याबरोबर जमलेलेही प्रत्येक ठिकाणी पुन्हा बसतायत! बाद पद्धत, मंडळी... आणि आम्ही आंबील पितोय!

माळावर पोचलो, तोवर गिरणीवाले हजर. त्यांचा कप्तान मोठा करारी. आमच्यामागं आलेल्या बायकांनी टोपल्या पुढं केल्या, तर हा म्हणतो, "सामना संपेपर्यंत पाणीसुद्धा नको!" आमचा गोलरक्षक हावगेप्पा, तालमीतला गडी, त्याचं तर तोंडच उतरलं.

सामना सुरू झाला. काय सांगू... उतरतं ऊन, तुरीच्या शेंगांचा वास, चेंडू संथ वर जायचा आणि आम्ही सगळे मान वर करून पाहत राहायचो, जणू कुणाचा पतंग आहे. ग्यानबा मधेच खाली बसला. "तुमी व्हा पुढं अण्णा, मी आलोच." मला तर माळावर धुकं उतरलेलं दिसायला लागलं, मी कलकत्त्यातच होतो हो... पण हावगेप्पा! भिंत! एक चेंडू आत जाऊ देईना. वेळ संपत आली, बरोबरी झाली असती, तर पुन्हा सामना, पुन्हा आशा! इतक्यात तो कप्तान एकटाच चेंडू घेऊन गोलापाशी आला.

आणि हावगेप्पा बाजूला सरकला. हात जोडून! "या," म्हणाला!

मी ओरडलो, "हावग्या! अरे, हे काय करायलास?"

तो कसा शांत! "अण्णा, सकाळपासून एक घास घेतला न्हाई त्यांनी. येळवशीला दारात आलेला माणूस, त्याला रिकाम्या हातानं कसं लावून देऊ?"

बाद! पहिल्याच फेरीत बाद! आणि ते गिरणीवाले मग पोटभर जेवून हैदराबादला गेले, जिंकले, मुंबईला गेले, जिंकले, आणि कलकत्त्यात, त्याच माझ्या मैदानावर, चषक उचलला!

आता गावात कुणालाही विचारा. "चषक कुणी जिंकला?" "आपल्या हावगेप्पानं की! नुसतं आणायला ते गेले हुते."

पहिल्यांदा मी भांडायचो हो. आता विचारलंत, तर मीच म्हणतो, "व्हय."