सुभद्रावहिनींनी मागून घेतलेली परीक्षा

मंडळी, नागपूरच्या इतवारीतली इतकी दुकानं एकाच दुपारी बंद झालेली मी आज पहिल्यांदा पाहतोय. आलात, बरं वाटलं. मला भाषण येत नाही. माझं आयुष्य भट्टीसमोर गेलं, तिथं तोंड बंदच ठेवावं लागतं. पण सुभद्रावहिनींबद्दल मी नाही बोललो, तर बोलणार कोण? त्यांच्यामुळे नापास झालेला पहिला माणूस मीच!

हसा, हसा. त्यांनाही आवडलं असतं.

आम्ही गलाईवाले. जुनी चांदी वितळवायची, भेसळ काढायची, शुद्ध लगड ओतायची आणि तिच्यावर आपला शिक्का मारायचा. शिक्का बापाकडून मुलाकडे येई. कुणी कधी तपासला नाही. मग वहिनींचे यजमान गेले, आणि सराफा कमिटीनं ठरवलं, बाईला शिक्का द्यायचा नाही. तशी मागणी करणाऱ्या अर्जावर माझी सही होती. होय, माझी.

वहिनी नरखेडकडच्या. डोक्यावरचा पदर सारखा करून भर बैठकीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माही परीक्षा घ्या."

अध्यक्ष म्हणाले, "घेऊ."

"पण माही एकटीचीच काहून? साऱ्यायची घ्या. अन् लगडीवर नाव नको, नुसता नंबर टाका."

आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. पिढीजात माणसांना कसली भीती?

अकरा लगडी मुंबईला तपासणीला गेल्या. निकाल आला तो याच सभागृहात वाचला. वहिनी पहिल्या, शिक्का त्यांना मिळाला. आणि मी, दामोदर? नापास. माझी लगड वरून चोख निघाली, खालून कमी.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारात. मला वाटलं, टोमणा मारायला आल्या. मी आधीच म्हटलं, "वहिनी, त्या अर्जावर सही केली, चुकलं माझं."

"ते राहू द्या. भट्टी पेटवा. मले पाहू द्या, तुमी करून काय राहिले."

मी चांदी वितळवली. त्या मुशीजवळ उभ्या. मी ओतायला घेतली तोच ओरडल्या, "थांबा, दामूभाऊ! ढवळली कुठं?"

मंडळी, वीस वर्षं मी चांदी नीट ढवळतच नव्हतो! वडील ढवळत. मी घाई करत होतो, म्हणून लगड वर एक, खाली एक. वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. कसं सांगणार? कुणी तपासलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला मी पास झालो. बातमी माझ्याआधी वहिनींना कळली. त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "दामूभाऊ पास झाले वं माय! दामूभाऊ पास!" जणू मी मॅट्रिक झालो. बायका खिडक्यांतून डोकावल्या. माझ्या बायकोनं घरोघर संत्रा बर्फी वाटली. पन्नाशीला आलेला मी माणूस, लाजलो आणि खूश झालो. इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो. बायको समोर बसली आहे, तिला माहीत आहे.

पुढे दरवर्षी तपासणीची जबाबदारी वहिनींकडेच आली. बाहेरगावचे व्यापारी विचारू लागले, नागपूरची लगड आहे का? असेल तर डोळे मिटून घेत.

मागच्या आठवड्यात मी वहिनींना भेटायला धंतोलीच्या दवाखान्यात गेलो होतो. आवाज बारीक झाला होता, डोळे तेच. मी विचारलं, "काही पाहिजे का?"

म्हणाल्या, "रविवारी तपासणी हाय. आता तुमीच पाहा. अन् माह्या भट्टीची लगड आली म्हणून सोडू नका."

बुधवारी त्या गेल्या. रविवारी त्यांच्या सूनबाई लगड घेऊन आल्या. डोळे सुजलेले, पण लगड वेळेवर. आम्ही लगडीवर नंबर टाकला. वरून तुकडा काढला, खालून काढला.

तपासल्याशिवाय सोडली नाही, वहिनी.

मंडळी, आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. हसू आलं, तर मात्र येऊ द्या.