हे नाही बोलत, गाठ बोलतेय

...नाही, पण मला सांगा, पंखा कुरकुरतोय असं म्हणण्यात चिडण्यासारखं काय आहे? पंखा कुरकुरत होता, मी म्हटलं, कुरकुरतोय. वायरमन स्टुलावर चढला होता, दोनदा स्क्रू पिळून 'झालं साहेब' म्हणून उतरायला लागला, तर मी म्हटलं, अरे, झालं कसं, अजून कुरकुरतोय, ऐकू येत नाही का तुला... तर आमची ही आतून आली, माझ्या गळ्याकडे बघितलं, तोंडाकडे नाही हं, गळ्याकडे, आणि त्या वायरमनला म्हणाली, "तुम्ही मनावर घेऊ नका. हे नाही बोलत, गाठ बोलतेय." आणि तो मेला स्टुलावरून वाकून माझा गळा बघायला लागला! पंखा राहिला बाजूला.

तुम्हाला सांगतो, माणसाला शत्रू असावा, कर्ज असावं, पण अशी गाठ नसावी.

आता ही गाठ कुठून आली? तर टेबलावरून आली. माझं चष्म्याचं दुकान आहे. अर्धं आयुष्य गेलं त्यात. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती लोखंडी चौकट चढवायची, समोर अक्षरं, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची, आणि विचारायचं, आधीचं बरं की आताचं? साधा प्रश्न. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं माहितीय? "दोन्ही सारखंच वाटतंय." अहो, सारखं कसं वाटेल? मी काच बदललीय ना? परत घालतो, परत काढतो, आधीचं बरं की आताचं... "सारखंच." मग एक दिवस एका गिऱ्हाइकाने पाचव्यांदा सारखंच म्हटल्यावर मी टेबलावर हात आपटला. आपटला म्हणजे काय... ठेवला. जरा जोरात ठेवला. आणि टक्क असा आवाज आला, मला वाटलं काच गेली. मनगट गेलं होतं.

हाडांचे डॉक्टर प्लास्टर घालताना विचारतात, "कुठून पडलात?" म्हटलं, पडलो नाही हो, टेबलावर हात ठेवला. ते म्हणतात, "मग टेबल कुठून पडलं?" कारण एवढ्याशाने हाड मोडत नाही म्हणे, पुरुषमाणसाचं तर नाहीच. मग काढा रक्त. मग त्या यंत्राखाली झोपा, ते हाडांची घनता मोजतं. माझी हाडं म्हणजे वरून हाड आणि आत नुसती जाळी. आणि हाडातलं कॅल्शियम गेलं कुठे? तर रक्तात. रक्तात नको तेवढं आणि हाडात हवं तेवढं नाही. मुतखडा दोनदा झाला होता, तोही त्याच्यातलाच. पाठवलं मला हार्मोनच्या डॉक्टरांकडे.

भला माणूस. कागदावर गळा काढून दाखवला. म्हणाले, थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. कॅल्शियमचा हिशेब त्यांच्याकडे. तुमच्यातल्या एकीची गाठ झालीय, ती थांबतच नाही, हाडातलं उपसून रक्तात ओततेय. (हे मी लोकांना समजावून सांगतो आणि लोक म्हणतात, "अच्छा, थायरॉइड." अहो, थायरॉइड नाही, त्याच्या मागची! पण कोण ऐकतंय?) मग डॉक्टर विचारायला लागले. थकवा येतो? येतो. तहान लागते? लागते. पोट साफ होत नाही? नाही. आणि मग ते म्हणाले, "चिडचिड होते?"

इतका वेळ आमची ही मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिने खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे," तिने विचारलं, "चिडचिड त्या गाठीमुळे असते?" डॉक्टर म्हणाले, "असू शकते. काहींना ऑपरेशननंतर बराच फरक पडतो, काहींना नाही. त्यावर अजून अभ्यास चालू आहे." आता ह्या तीन वाक्यांतलं हिने एकच ऐकलं. बराच फरक पडतो.

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी म्हटलं, अगं, काढता येते म्हणतायत, रडतेस काय? ती म्हणाली, "म्हणजे दादूला बोललात ते तुम्ही नव्हताच."

दादू म्हणजे माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ, आईवडिलांमागे हिला माहेर म्हणून उरलेला एकटा तोच. त्याचं असं झालं की... बघा, मी चष्मेवाला. सख्ख्या बहिणीचा नवरा चष्मेवाला असताना हा माणूस रस्त्यावरचा चष्मा घेतो, एक काडी वाकडी, डावी काच भुवईला आणि उजवी गालाला, काचांवर अंगठ्याचे ठसे, आणि तसा जेवायला बसून मला सांगतो, "भावोजी, दुकान असं चालवायचं नसतं." म्हटलं, ज्याला नाकावरचा चष्मा सरळ ठेवता येत नाही त्याने मला दुकान शिकवू नये. एवढंच. म्हणजे अजून थोडं होतं, ते जाऊ दे. तो भरल्या पानावरून उठला. तीन वर्षं उंबरा चढला नाही. ही गॅलरीत जाऊन हळू आवाजात त्याच्याशी फोनवर बोलायची, मी आलो की, "ठेवते रे." मला ऐकू यायचं. मी न ऐकल्यासारखं करायचो. काय करणार, माफी मागायची तर म्हणायचं काय? चष्मा तर वाकडाच होता!

तर त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यातूनच तिने फोन लावला. गॅलरी नाही, हळू आवाज नाही. "दादू, अरे, ते बोललेच नव्हते, गाठ बोलली होती!" आणि पलीकडून तो रडतोय. ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यात आधी हजर. माझा हात हातात घेऊन म्हणतो, "भावोजी, मला माफ करा, मला वाटलं तुम्हीच." आणि नाकावर... तोच चष्मा. तसाच वाकडा. मी डोळे मिटले. लोकांना वाटलं, भुलीचं इंजेक्शन चढलं.

गाठ निघाली. ओठांना मुंग्या आल्या, बोटांना मुंग्या आल्या, भुकेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतायत म्हणे, खा गोळ्या. मग रिपोर्ट आले. कॅल्शियम छान, हार्मोन छान. एक तरुण डॉक्टरीणबाई त्या स्वभावाच्या फरकावरच संशोधन करतात, त्यांचा हिला फोन. "रागावण्याचं प्रमाण आधीपेक्षा कमी, तितकंच की जास्त?" ही म्हणाली, "अहो, आता अगदी शांत आहेत." मी समोर बसलो होतो, डोक्यावर पंखा कुरकुरत होता, आणि मी शांत होतो. कारण... कसं सांगू तुम्हाला. आतून काही हललं नव्हतं हो! राग जागच्या जागी. थकवा गेला, तहान गेली, पोटाचंही बरं झालं, फक्त तेवढं राहिलं. म्हणजे इतकी वर्षं बोलत होतो तो मीच. आणि हे सांगणार कोणाला? हिला? दर रविवारी दादू जेवायला यायला लागला होता. ही सकाळपासून गुणगुणायची. तर मी काय करायचो, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो आणि नळाला बोलून घ्यायचो. बाहेर आलो की शांत. आता नाव पुढे करायला गाठही नाही.

किती दिवस चालणार? एका रविवारी जेवणाआधी दादूने चहात साखर घातली, चमचा दिसेना, म्हणून नाकावरचा चष्मा काढला आणि काडीने चहा ढवळला. ढवळला, काडी चोखली, परत कानावर.

मी बोललो. सगळं बोललो. काडी, काच, तीन वर्षांपूर्वीचं राहिलेलं, सगळं. टेबलावर हातही आपटला, आणि काही मोडलं नाही, हाडं सुधारलीयत.

दादूने कप खाली ठेवला. हळूच हिला विचारलं, "ताई, गाठ काढली ना?" आणि हिच्या हातातलं पोळ्यांचं ताट तसंच हवेत. मला वाटलं, संपलं. आता हा उठणार, आणि ही पुन्हा गॅलरीत जाणार.

तिने ताट ठेवलं, त्याला वाढलं. म्हणाली, "काढली रे, पण एकच. चार असतात. तीन आहेत अजून."

"तीन?" दादू म्हणाला. माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच दया आली. आणि बसला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तो गेल्यावर मी ओट्यापाशी गेलो. म्हटलं, अगं, त्या तिन्ही चांगल्या आहेत, डॉक्टर म्हणाले ना. ती भांडी लावत म्हणाली, "माहितीय. मीच विचारलं होतं त्यांना." म्हटलं, मग दादूला...? तिने पुढचं भांडं उचललं. मला राहवेना. विचारलं, खरं सांग, आधीचा बरा की आताचा?

"दोन्ही सारखेच वाटतात," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा ह्या उत्तरावर मी काही बोललो नाही.

आता दादू दर रविवारी येतो. चष्मा वाकडाच. माझं तोंड उघडलं की हा आधी गळ्याकडे बघतो आणि हिला म्हणतो, "ताई, ही दुसरी का गं?" मी गिळतो, गप्प बसतो. काय करणार... तीनच राहिल्यात, आणि जन्मभर पुरवायच्यात.