मसाफीजवळ सापडलेली पांढरी कॅव्हेरा आणि काच फोडणारा माणूस

दिनांक : २ ऑगस्ट २००२, शुक्रवार. वेळ : दुपारी ३.४०.
ठिकाण : पोलीस ठाणे, फुजैरा अमिरात.

नाव : सूर्यकांत माधव टिपणीस. वय : ४१ वर्षे. धंदा : नोकरी, हमरिया फ्री झोनमधील पाइप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. राहणार : शारजा, मूळ गाव ठाणे. भाषा : मराठी. दुभाषी : श्री. दत्ताराम केरकर, नोकरी फुजैरा बंदर.

मी वर लिहिलेल्या पत्त्यावर पत्नी छाया आणि मुलगी ईश्वरी, वय पाच वर्षे, यांच्यासह राहतो. काल गुरुवारी दुपारी मी या ठाण्याच्या गस्तीवरील अधिकाऱ्यांना तोंडी माहिती दिली होती. ती अपुरी होती आणि काही ठिकाणी खोटी होती. ती दुरुस्त करण्यासाठी मी आज स्वतःहून आलो आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही.

गाडीचे वर्णन विचारल्यावरून सांगतो की, गाडी कॅव्हेरा जीटी, मॉडेल १९९९, रंग पांढरा, चार दरवाजे, अडीच लिटर सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअर. घरच्या माणसांना पुरेल आणि चालवणाऱ्यालाही मजा येईल अशी दुसरी गाडी या किमतीत नाही. मागे तिघे ऐसपैस बसतात. डिकीत महिन्याचं सामान मावून मुलीची सायकलही राहते. दुसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमच्या पुढे इंजिनाचा जो आवाज येतो, तो आणि स्टिअरिंग याबद्दल कोणाचंच दुमत नाही. या गाडीच्या मालकांची इंटरनेटवर एक साइट आहे. त्यावर मी तीन वर्षांपासून लिहितो. सस्पेन्शन कडक आहे अशी पुष्कळांची तक्रार असते. त्यावर मी लिहिलं होतं की, माझ्या पत्नीला काहीही त्रास होत नाही. पत्नीची कंबर दुखते. अधिकाऱ्यांनी मुद्द्याचं बोलण्यास सांगितलं.

काल सकाळी नऊ ते पावणेदहा ईश्वरीचा पोहण्याचा क्लास होता. क्लास संपल्यावर ती मागच्या सीटवर झोपली. मी छायाला फोन करून सांगितलं की, दूध आणि खुबूस रोटी घेऊन येतो. दूध आणि खुबूस मी घेतलं नाही. मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातील एका स्पेअर पार्टच्या दुकानाशी गेलो. तिथे श्री. उपेंद्र गद्रे, वय ३६, यांना भेटायचं ठरलं होतं. त्यांच्याकडे हीच गाडी निळ्या रंगात आहे. आमची ओळख साइटवरची. मी १०.०५ वाजता गाडी दुकानासमोर उन्हात उभी केली, इंजिन आणि एसी चालू ठेवला, चावी आत होती, दरवाजे लॉक नव्हते.

काल मी असं सांगितलं होतं की, मी दोन मिनिटांसाठी उतरलो होतो. ते खरं नाही. मी वीस ते पंचवीस मिनिटं दुकानात होतो.

कशासाठी, असं विचारल्यावरून सांगतो. श्री. गद्रे यांनी साइटवर लिहिलं होतं की, ही गाडी उन्हात उभी राहून चालू ठेवली की एसी हळूहळू गरम हवा टाकतो, लहान मुलं असलेल्यांनी सांभाळावं. त्याला मी जाहीर उत्तर दिलं होतं की, कुरकुर करणाऱ्यांनी दुसरी गाडी घ्यावी. काल दुकानात तोच वाद निघाला. श्री. गद्रे म्हणाले, "अहो टिपणीस, पंधरा मिनिटं उभी करून बघा एकदा." मी म्हणालो, "बाहेर उभीच आहे. चालू आहे. पाहिजे तेवढा वेळ थांबू या, मग जाऊन हात लावून बघा." दुकानदार हसला. त्याने चहा मागवला. आम्ही चहा घेतला. मुलगी गाडीत झोपली आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर श्री. गद्रे यांनी मला बसू दिलं नसतं.

साडेदहाच्या सुमारास आम्ही तिघे बाहेर आलो. गाडी जागेवर नव्हती.

श्री. गद्रे म्हणाले, "घाबरू नका, इन्शुरन्स आहे ना? फुल आहे ना?" ते पुन्हा म्हणाले, "टिपणीस, गाडीच आहे हो, मिळेल." मी म्हणालो, "ईश्वरी आत आहे." त्यांनी "कोण?" असं विचारलं. मी तेच पुन्हा सांगितलं. यानंतर त्यांनी माझ्या हातातला फोन घेऊन पोलिसांना कॉल केला, कारण मला नंबर दाबता येत नव्हते. वेळ १०.३६.

शारजा पोलिसांची गाडी नऊ मिनिटांत आली. समोरच्या गोदामाच्या वॉचमनने सांगितलं की, टोपी घातलेला एक बुटका माणूस गाडी घेऊन धैदच्या रस्त्याला लागला. पोलिसांनी तसा निरोप वायरलेसवरून पुढे दिला आणि मला घरी जाऊन थांबण्यास सांगितलं. मी घरी गेलो नाही. छायाला फोनही केला नाही. सव्वाअकरा वाजता श्री. गद्रे यांच्या गाडीत बसून आम्ही धैदच्या रस्त्याने निघालो.

रस्त्यात मी श्री. गद्रे यांना हिशेब सांगत होतो. टाकीत पाव भाग पेट्रोल होतं, म्हणजे पंधरा लिटर. उभ्या गाडीत एसी चालू असेल तर तासाला दोन लिटर धरायचे. चोराने इंजिन बंद केलं नाही तर गाडी संध्याकाळपर्यंत थंड राहील. हे मी तीन-चार वेळा सांगितलं असेन. इंजिन बंद केलं तर काय, ते मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. गाडी एकशेवीसच्या वर गेल्यामुळे सूचनेची घंटी सारखी वाजत होती. धैद मागे पडल्यावर श्री. गद्रे म्हणाले, "मी एसीबद्दल उगाच लिहिलं होतं. माझ्या गाडीत गॅस कमी होता, नंतर कळलं. गाडीत तसा काही दोष नाही. चांगला एसी आहे." ते खोटं बोलत होते. त्यांच्याच गाडीत आम्ही बसलो होतो, आणि धैदच्या सिग्नलला ती थांबली तेव्हा एसीतून गरम हवा आली होती. मी "हो" म्हणालो.

१२.०५ वाजता माझ्या मोबाइलवर कॉल आला. मसाफीच्या अलीकडच्या एका पेट्रोल पंपावरचा माणूस हिंदीत बोलत होता. "साब, आपकी गाडी इधर है. बच्ची भी इधर है." ईश्वरीच्या पोहण्याच्या पिशवीवर छायाने मार्करने माझा नंबर लिहिला आहे, तो पाहून त्याने फोन केला होता. मी विचारलं, "कैसी है?" त्याच वेळी फोन कट झाला. पुढे डोंगरामुळे रेंज नव्हती. तिथे पोचायला बावीस मिनिटं लागली. या बावीस मिनिटांबद्दल मला काही सांगायचं नाही.

पंपावरच्या ग्रोसरीच्या दारात सावलीला एक उंच माणूस ईश्वरीला उचलून उभा होता. त्यांचं नाव याकूब, व्यवसाय ट्रेलर ड्रायव्हर, हे मला नंतर कळलं. ईश्वरीचे डोळे मिटलेले होते, तोंड लाल होतं, केस ओले होते. तिच्या फ्रॉकवर आणि त्यांच्या कुडत्यावर रक्त होतं. मी गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरलो आणि त्यांना मारलं. किती वेळा ते आठवत नाही. त्यांनी मुलीला खाली ठेवलं नाही. ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली, त्यामुळे पुढचे सर्व फटके पाठीवर बसले. श्री. गद्रे यांनी मला मागून धरलं. तेव्हा याकूब यांनी मुलगी त्यांच्याकडे दिली. तिचा श्वास चालू होता.

पाच मिनिटांत पोलीस आणि ॲम्ब्युलन्स आली. अधिकाऱ्यांना हिंदी येत नव्हतं आणि याकूब यांना इंग्रजी येत नव्हतं. श्री. गद्रे मुलीला घेऊन ॲम्ब्युलन्सकडे गेले होते. अधिकाऱ्यांनी मला इंग्रजीत सांगायला सांगितलं की, हा काय म्हणतो. याकूब म्हणाले होते, "शीशा मैंने तोडा. बच्ची अंदर बंद थी साहब, मुँह लाल हो गया था, आवाज नहीं कर रही थी." मी इंग्रजीत सांगितलं की, काच फोडल्याचं तो कबूल करतो. पुढचं वाक्य मी सांगितलं नाही. त्यानंतर मी म्हणालो, "हाच तो चोर." यावरून त्यांना ताब्यात घेण्यात आलं.

असं का केलं, हे विचारल्यावरून सांगतो. कारण लिहून घेऊ नये अशी मी विनंती केली. ती मान्य झाली नाही. कारण असं की, "बच्ची अंदर बंद थी" हे वाक्य मी सांगितलं असतं तर अधिकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता की, तिला आत कोणी ठेवलं.

आणखी एक गोष्ट मी काल पाहिली होती आणि सांगितली नव्हती. माझी गाडी एका हॉटेलच्या मागे, पंपापासून साधारण दोनशे मीटरवर, बंद अवस्थेत होती. मागची डावी काच फुटलेली होती. चावी नव्हती, दरवाजे लॉक होते. ड्रायव्हरची सीट अगदी पुढे ओढलेली होती. माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे, मला तिथे गुडघे घालता आले नसते. याकूब माझ्याहून उंच आहेत. गाडीत डोकावल्यावर माझं सगळ्यात आधी सीटकडेच लक्ष गेलं. म्हणजे ॲम्ब्युलन्स निघायच्या आतच मला माहीत होतं.

काल ईश्वरीला फुजैरातील हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. रात्रभर सलाइन चालू होतं. आज दुपारी बाराच्या सुमारास ती नीट शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितलं. छाया जवळ होती. छायाने विचारलं, "बाळा, गाडीत कोण काका होते?" ईश्वरी म्हणाली, "वन अंकल वॉज ड्रायव्हिंग. ही लुक्ड ॲट मी अँड शाउटेड अँड रॅन अवे. देन इट वॉज हॉट. देन द बिग अंकल ब्रोक द ग्लास." थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, व्हेअर इज बिग अंकल? हिज हँड वॉज ब्लीडिंग."

छायाने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावलं. ती म्हणाली, "तू पोलिसांना काय सांगितलंस?" मी सांगितलं. "आणि दूध आणायला कुठल्या दुकानात गेला होतास?" तेही सांगितलं. ती म्हणाली, "जा. सगळं सांग. माझ्यासमोर सांगितलंस तसं." श्री. गद्रे यांनी मला ठाण्याच्या दारापर्यंत सोडलं.

मी येथे बाकावर बसलो असताना याकूब यांना जबाबासाठी नेत होते. त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, ते काही बोलतील. ते म्हणाले, "बच्ची ने कुछ खाया?" मी "हाँ" म्हणालो. ते "अल्हमदुलिल्ला" म्हणून पुढे गेले. माफी मागायला मी उठलो, तोवर ते आतल्या खोलीत गेले होते. ईश्वरीने अजून काही खाल्लेलं नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सूप देऊ, किडनीला धोका नाही, सोमवारी घरी सोडतील, इन्शाल्ला.

याकूब यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांच्या ट्रेलरचा माल कालपासून पंपावर पडून आहे. त्यांच्या कंपनीला त्यांची चूक नसल्याचं लेखी कळवावं, अशी माझी विनंती आहे. ज्याने गाडी नेली त्याचा तपास व्हावा. मुलीला चालू गाडीत एकटं ठेवल्याबद्दल, याकूब यांना मारल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. पासपोर्ट मी जमा केला आहे. आज मला सोडणार नसतील तर छायाला तसं हॉस्पिटलमध्ये कळवावं. ती विचारणार नाही, तरी कळवावं.

हा जबाब श्री. केरकर यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला, मी तो पूर्ण ऐकला आणि तो मी सांगितला तसाच आहे. ऐकताना मी एक दुरुस्ती सांगितली. अरबी प्रतीच्या पहिल्या ओळीत कालच्या नोंदीवरून याकूब यांच्या नावापुढे "संशयित" असं आलं होतं. ते खोडून तिथे "मुलीला बाहेर काढणारे" असं लिहून घेतलं आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

(सही) सूर्यकांत माधव टिपणीस