संपादकांचा फोटो

बुलढाण्याच्या बसस्टँडवर मी चिखलीच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक तरुण डॉक्टरीण आणि तिच्या सरांची बायको बोलत बसल्या होत्या.

“शैलजाकाकू, हृदयरोगावरचं एक नवं आंतरराष्ट्रीय मासिक निघालं आहे. मोबाइलवर कोणालेही फुकट वाचता येते.”

“चांगलं झालं, इरा. तुझा लेख आला काय त्यात?”

“नाही. पण मुख्य संपादक म्हणून सरांचं नाव आहे.”

“कोणत्या सरांचं?”

“आपल्याच. डॉक्टर गोपाळ देशकर, बुलढाणा.”

“काहीतरीच काय बोलतं? त्यायले जाऊन वर्ष होत आलं.”

“मी तेच कळवलं त्या लोकायले. लगेच उत्तर आलं, तुमचा लेख लवकर पाठवा म्हणून. खाली सरांचंच नाव.”

“त्यायच्या नावानं उत्तर?”

“हो. सरांचं नाव पाहून डॉक्टर लोक लेख पाठवून राह्यले, अन् हे न तपासता छापून राह्यले. एकात तर औषधाचा डोसच चुकला आहे.”

“अवं, ते वाचून कोणी पेशंटले दिला म्हणजे?”

“म्हणून तक्रार करतो म्हटलं. तुमची सही पाहिजे.”

“आण इकडे. आत्ताच करतो.”

“सरांचा फोटोही तिथून काढून टाकायले लावू.”

“फोटो लावला? दाखव बरं.”

“हा पहा.”

“हा तर आमच्या सोहमच्या मुंजीतला आहे. मले कापून टाकलं त्या मासिकवाल्यायनं.”

“तुम्ही होत्या यात?”

“त्यायच्या खांद्यावर हात दिसते ना, तो माझा आहे.”