एवढं केलंस, तर अजून थोडंसं!

…नाही, पण मला एक सांगा, कॉम्प्युटरच्या पेटीला पंखे किती लागतात हो? आमच्या घरात माणसं तीन, छताला पंखे दोन, त्यातला एक कुरकुरतो, आणि ह्या एवढ्याशा पेटीला सहा! सहाच्या सहा रंग बदलणारे! आणि ते का घेतले, तर कार्ड तापतं म्हणून, आणि एवढं तापणारं कार्ड का घेतलं, तर… जाऊ दे. तुम्हाला सांगतो, अगदी पहिल्यापासून सांगतो, पण मध्येच कोणी "मग त्यात अजून थोडंसं घालायचं होतं ना" असं म्हणालात तर मी इथून उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो!

मी नीलाद्री लाहा, कोलकात्यातल्या बेहालाचा, घरचे टुबलू म्हणतात, मा, म्हणजे आई, अजून खोका म्हणते, आमच्याकडे खोका म्हणजे बाळ. विमा कंपनीत कारकून. कॉलेजात आम्ही चौघं मित्र, तास बुडवून सायबर कॅफेत गेम खेळायला जायचो, चौघांच्या चार खुर्च्या ठरलेल्या. आता एक बंगळुरूला, एक दिल्लीला, एक तर थेट टोरांटोला, पण रविवारी संध्याकाळी आपापल्या घरून का होईना, चौघं एकत्र! आठवडाभरात मी मोकळेपणाने बोलतो ते तेवढंच, खोटं कशाला सांगू. फक्त माझा लॅपटॉप… त्याचं काय सांगायचं! शत्रू येतो, मला मारतो, निघून जातो, तरी माझ्या पडद्यावर तो अजून जिनाच चढत असतो!

तर एके दिवशी बंगळुरूहून ऋतमचा फोन. आवाज असा मऊ, की मला वाटलं कोणी गेलं की काय. "टुबलू, वाईट वाटून घेऊ नकोस रे, पण तुझ्यामुळे हरतोय आपण. विश्वकर्मा पूजेच्या संध्याकाळी स्पर्धा आहे. माझ्या ऑफिसात एक देबोपम आहे, फार चांगला खेळतो. तोवर तू नवीन मशीन आणलंस तर जागा तुझीच. नाहीतर…" नाहीतर! अरे, कॉलेजात ऋतमची हजेरी कोण लावायचं? मी! ह्याच्या प्रेमभंगात ह्याला घेऊन गंगेच्या घाटावर कोण बसलं? मी! आणि खुर्ची देबोपमला? जेवण जाईना. मा म्हणाली, "खोका, अंबळ झालंय का?" अंबळ म्हणजे आम्लपित्त. म्हटलं, अंबळ नाही मा, देबोपम झालाय!

नशिबाने दुर्गापूजेचा बोनस लवकर हातात आला. त्यातून माला ढाकाई जामदानी कबूल केली होती, पण म्हटलं, साडी होऊन जे उरेल त्यात मशीन बसवू. साधं, स्वस्त, आपल्यापुरतं. एक छोटं ग्राफिक्स कार्ड, एक बरासा प्रोसेसर, झालं! किती सोपं वाटतं ना? वाटतं!

ऋतमला विचारलं. तो म्हणतो, "हे कार्ड? बाबा रे, हे पुढच्या वर्षी म्हातारं होईल. एवढं करतोयस, तर अजून थोडंसं घाल, वरचं घे." घातलं थोडंसं. टोरांटोवाला म्हणतो, "ह्या कार्डाला तो प्रोसेसर? कार्ड पुढे पळणार आणि प्रोसेसर मागून धापा टाकत येणार! एवढं केलंस, तर अजून थोडंसं!" घातलं. मग कळलं, ह्या प्रोसेसरला तो बोर्ड चालत नाही. बोर्ड बदलला तर म्हणे मेमरी जुनी. मेमरी बदलली तर दिल्लीवाला ओरडला, "आणि पॉवर सप्लाय कुठला? स्वस्तातला? रात्रीत घर पेटेल!" घर पेटेल! माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सप्लायही वरचा! आणि इकडे ढाकाईची झाली साधी हातमागाची तांताची, तांताची झाली छापील सुती, आणि शेवटी मी माला सांगितलं, "ह्या वर्षी कारागीर संपावर आहेत म्हणे." ती म्हणाली, "बिचारे!" अहो, ती त्यांच्यासाठी हळहळली!

एकाच ठिकाणी मी शहाणपणा केला. दोन प्रोसेसर होते, एकात पडद्यावर चित्र दाखवायची सोय आतच, दुसऱ्यात ती नाही म्हणून तो जरा स्वस्त. मी म्हटलं, कार्ड आहेच की चित्र दाखवायला, ह्यात थोडंसं वाचवू! आयुष्यात पहिल्यांदा मी थोडंसं वाचवलं. लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

मग चांदनी मार्केट. पल्टूदाचं दुकान एवढं, की गिऱ्हाईक आत आलं तर पल्टूदाने बाहेर यायचं. यादी बघून त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकाला बाजूला बोलावताना बघतात. "एवढं तापणारं सामान आणि असा फुटकळ कूलर? भाजून निघेल रे प्रोसेसर. हा बघ." आणि काढला हो त्याने एक कूलर! कूलर कसला, हावडा स्टेशनचा घड्याळाचा मनोरा! "आणि पेटी ही काचेची. दिव्याचे पंखे. एवढं केलंस, तर अजून थोडंसं!" मी म्हटलं, पल्टूदा, दिव्यांनी खेळ वेगात चालतो का? तो म्हणाला, "नाही. पण मन लागतं." घेतले सहा!

मशीन मी स्वतः जोडलं. जीव मुठीत धरून! अंगातल्या विजेने बोर्ड जातो म्हणतात, म्हणून दर स्क्रूआधी मी जाऊन न्हाणीघरातल्या नळाला हात लावून यायचो. बाबा म्हणाले, "ह्याला साखरेचं तपासून घ्यायला सांग." कूलरखाली ते मलम लावायचं असतं, एक व्हिडिओवाला म्हणतो तांदळाएवढं, दुसरा म्हणतो वाटाण्याएवढं, मी आपलं मसूर डाळीएवढं लावलं! आणि बटण दाबलं… आणि आलं हो! चित्र आलं! मी माला मिठी मारली, बाबांना मारणार होतो, ते बाजूला झाले. सगळं बसलं होतं, सगळं चालत होतं, फक्त… तो मनोरा बोटभर उंच निघाला. पेटीची काच लागेना! म्हटलं, असू दे, एक बाजू उघडी तर उघडी, हवाच खेळेल.

आणि उजाडला विश्वकर्मा पूजेचा दिवस. आमचा तळमजल्यावर बाबांचा छोटा छापखाना, लग्नपत्रिका वगैरे, त्यामुळे पूजा दरसाल जोरात. आकाशात पतंग, गच्चीगच्चीवर पतंग कापल्याची आरोळी, "भो-काट्टा!" आणि मा वर आली. "खोका, घरात नवीन यंत्र आणि विश्वकर्म्यासमोर नाही? आण खाली!" म्हटलं, मा, संध्याकाळी सामना आहे, हलवायला नको. "आज यंत्रं चालवायची नसतात, ठाऊक आहे ना? पण मी बाबांशी बोलते, संध्याकाळचं बघू. आधी खाली आण." आणलं! बाळंतिणीला जिना उतरवावा तसं आणलं. मांडलं मूर्तीशेजारी, उघडी बाजू पुढे. मा म्हणते, "दिवे लाव ना त्याचे." म्हटलं, अगं, आज यंत्र चालवायचं नसतं ना? "चालव कुठे म्हणतेय, दिवे लाव म्हणतेय! देवाला दिसू दे!" लावले. सहा पंखे, सात रंग, अख्खी गल्ली बघायला आली. बाबासुद्धा शेजाऱ्याला म्हणाले, "आमच्या टुबलूने जोडलंय." तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली माझी!

पूजा झाली. आता शांतिजल. आमच्यात शांतिजल शिंपडताना पायावर पडू द्यायचं नसतं, पाप लागतं. लहानपणापासूनची सवय, ठाकूरमशायांनी, म्हणजे भटजींनी, आंब्याचा डहाळा कलशात बुडवला की आपोआप हात पायाकडे जातात. मी खाली बसलो, धोतराच्या सोग्याने दोन्ही पाय नीट झाकले, अंगठासुद्धा बाहेर नाही, डोळे मिटले, डोकं पुढे केलं. ज्या माणसाने अंगातल्या विजेची काळजी केली, त्याने पाय झाकले! पेटी उघडी!

पहिला शिंपडा कानाजवळून गेला. डोळे उघडले. थेंब पेटीच्या कडेवर, आत एकही नाही! वाचलो! मी ओरडणार, "थांबा", तेवढ्यात मागून माचा आवाज. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. जिला ढाकाई नाही, तांताची नाही, छापील सुतीसुद्धा नाही, ती म्हणतेय, "ठाकूरमशाय, माझ्या खोकाचं यंत्र आहे हो ते. त्याच्यावर अजून थोडंसं!"

आणि ठाकूरमशाय दिलदार माणूस. अख्खा डहाळा बुडवून मारला की हो! "ओम् शांतिः…"

फट्.

आणि नेमकं त्याच क्षणी गच्चीवरून, "भो-काट्टा!"

शांत झालं सगळं. मंत्र खोटा नव्हता! ठाकूरमशाय म्हणाले, "थोडंसंच पडलंय, वाळेल." मग मा पुढे झाली, तिने कार्ड तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, मोबाईल भिजला की करतात ना तसं, आणि दुपारी दारात येऊन विचारते, "खोका, पूजेच्या मटणाला भात ह्याच डब्यातला लावू ना?" संध्याकाळी कार्ड परत बसवलं. पंखे फिरले, सातही रंग आले. पडदा काळा. आणि चित्र दाखवणारा दुसरा कोण घरात? प्रोसेसर! ज्यात मी थोडंसं वाचवलं होतं!

ऋतमला फोन केला. म्हटलं, जागा दे देबोपमला, ह्या घरात माझ्याकडे आता फक्त रोषणाई आहे. तो म्हणाला, "वेड्या, आज देबोपम बसेल. पण जागा तुझीच. महालयाच्या अमावास्येपर्यंत थांबतो आम्ही. कार्डच गेलंय ना फक्त?" फक्त! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि तो पुढे म्हणाला, "आणि ऐक, आता नवीन घ्यायचंच आहे, तर एवढं केलंस, अजून थोडंसं…"

मी ओरडलो हो त्याच्यावर! तोंडाला येईल ते बोललो! त्याच्या प्रेमभंगासकट सगळं काढलं! बाबा वर आले, मा वर आली, शेजारी गच्चीवरून डोकावले. फोन आपटणारच होतो. हात वर गेला होता, आईशप्पथ. पण मग आपला… सहजच… माहिती म्हणून… मीच विचारलं,

"थोडंसं म्हणजे… किती रे?"