आठ नंबरचा हवामानवाला

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, तुमच्या घरी कुठलं चॅनल बघतात?" फोनवर हं! गोड गळा, पाहणी चाललीय म्हणे. म्हटलं, बाई गं, आठ नंबरचं चॅनल हल्ली कुणाचं आहे ते आधी तू सांग, मग मी बघते की नाही ते सांगते! ठेवला फोन. का नाही ठेवणार? तुम्हाला सांगते, या चॅनलनं जितके संसार मांडले नि मोडले ना, तितके आमच्या अख्ख्या लिंडाल गावात कुणी मांडले नसतील... आणि लिंडालमध्ये माझी नणंद राहते, तीनदा बोहल्यावर चढलेली!

म्हणजे कसं, स्टेशन आमचं, टेकडीवरचं. बातम्या आमच्या, हवामान आमचं, पण मालिका, मॅचेस, सिनेमे सगळं वरून यायचं. ज्या बड्या नेटवर्कशी सोयरीक जमली असेल त्याच्याकडून. काढलं होतं सेल्मर लोकेननं. ट्रॅक्टर विकायचा हो तो! आणि हवामान सांगायला उभा कुणाला केला? आमच्या ऑर्विलला! माझा नवरा तेव्हा कोठारावर गव्हाच्या गाड्या तोलत होता. पण सेल्मर म्हणाला, "याचं तोंड बघून कुणाला खोटं वाटणार नाही." झालं! पहिली सोयरीक मेरिडियन नेटवर्कशी. निळा कोट आला, खिशावर मेरिडियनचा बिल्ला. हा तो घालून नकाशासमोर उभा, हातात खडू, आणि दर वाक्याला शेपूट एकच... "बहुतेक." "उद्या दुपारून पाऊस... बहुतेक." मी म्हणायची, "अरे, एकदा तरी छाती ठोकून सांग की!" तर म्हणे, "मर्ना, आभाळ काय माझ्या बापाचं आहे?"

मग आमच्या शाळेच्या पोरी बास्केटबॉलच्या फायनलला गेल्या. सगळ्या डकोटात नाव झालं! मेरिडियनवाले म्हणाले, त्या वेळेला आमची मालिकाच दाखवायची. सेल्मर फोनवर ओरडला, "तुमची नायिका उद्या रडेल, आमच्या पोरी उद्या नाही खेळणार!" दाखवली मॅच. पोरी हरल्या ती गोष्ट वेगळी... पण काडीमोड झाला तो झालाच. लगेच कॉन्टिनेंटलशी पाट लावला. हिरवा कोट! मी आपली एक बिल्ला उसवतेय, दुसरा शिवतेय. आकडा आठच, ऑर्विल तोच, बिल्ला तेवढा बदलला!

पण शेजारचा एमिल सोर्बो भडकला ना! एकटा जीव, गाई आणि टीव्ही एवढाच त्याचा संसार. आला तरातरा, चिखलाच्या बुटांनी थेट माझ्या स्वयंपाकघरात. "ऑर्विल, माझी कुस्ती कुठाय? चॅनल लावलं तर बायका नाचतायत!" ऑर्विल म्हणाला, "दहा नंबरवर गेली रे कुस्ती. ते लाव." एमिलनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही यानं त्याला चर्च बदलायला सांगितलं! "दहावर तू आहेस का?" "नाही." "मग?" संपलं. कॉफी प्यायला, गेला. कुस्ती सोडली हो माणसानं, ऑर्विल नाही सोडला! त्यानं सांगितलं की गवत कापायचा, नाही म्हटलं की थांबायचा.

पुढं सेल्मर गेला. त्याच्या मुलींनी स्टेशन विकलं, त्या कंपनीनं तिसरं नेटवर्क आणलं. मोहरीच्या रंगाचा कोट... काविळीचा पेशंट दिसायचा! पण आकडा आठच, ऑर्विल तोच. मग त्या कंपनीला दुसऱ्या कंपनीनं गिळलं. एक बाई आल्या शहरातून, काय ते लाघवी बोलणं! "ऑर्विल, तुमचा आम्हाला केवढा अभिमान आहे!" मी घरी ऐकलं तेव्हाच म्हटलं, संपलं, अभिमान म्हणाले म्हणजे काढलं! बातम्या बंद. हवामान? ते येणार कुठल्या तरी लांबच्या शहरातून. एक झकपक पोरगा, दात पांढरेशुभ्र, सकाळीच सगळ्या गावांचं एकदम सांगून ठेवायचा, आमच्याकडे लागायचं दुपारी! आणि गावाचं नाव काय घ्यायचा? "लिंडेल"! आता आकडा तेवढा आठ... ऑर्विल नाही.

त्या जूनमध्ये... थांबा, जरा पाणी पिते.

दुपारची वेळ. ऑर्विल अंगणात उभा. आभाळ कसं, जुन्या जखमेसारखं हिरवटपिवळं. वारा एकदम पडलेला. आत आला आणि फोनला बसला. एकेकाला वादळाची लक्षणं सांगून तळघरात धाडलं. लोक गेले हो, कुणी विचारलं नाही की तू आता टीव्हीवर आहेस का! मग एमिलला लावला. मी शेजारीच उभी, फोनमधून सगळं ऐकू येत होतं. एमिल हसतोय! "अरे, आठ नंबर लावून बसलोय. तो पोरगा म्हणतोय निरभ्र!" "एमिल, तळघरात जा." "नक्की येतंय?"

आणि आमचा ऑर्विल... सवय हो, जन्माची सवय... म्हणाला, "बहुतेक."

"मग बहुतेक गाई आत घेतो आधी," एमिल म्हणाला आणि ठेवला.

गोठ्याच्या दारातच सापडला. चक्रीवादळाची सोंड त्याच्या शेतावरूनच गेली. गोठा आडवा, घराला मात्र ओरखडा नाही, आतला टीव्ही चालूच होता. बंद कुणी केला? ऑर्विलनं. मग तिथंच त्याच्या खुर्चीत बसून राहिला, ओल्या कपड्यांनी. मी म्हटलं, "चल." तर म्हणे, "मर्ना, एक शब्द गं. एक शब्द गिळला असता तर..." म्हटलं, "तू खरं तेच बोललास." म्हणाला, "त्यानं मला खरं नव्हतं विचारलं."

त्यानं स्टेशनला फोन केला, एमिलसाठी दोन मिनिटं द्या, काही नको, फक्त नाव घेतो. त्या लाघवी बाई म्हणाल्या, "आमची फार इच्छा आहे हो, पण ती वेळ आता वरच्यांची." वरच्यांची! मी ओरडले फोनमध्ये, "एमिलही आता वरच आहे, त्याला विचारून बघा!" मग चर्चच्या तळघरात, कॉफीच्या किटलीशेजारी उभं राहून घेतलं त्यानं नाव. आम्ही आपले सगळे बशीत बघत बसलो.

आता म्हणे परत सोयरीक मोडली. आठ नंबरवर दिवसभर अंगठ्या नि तवे विकतात. आणि आमचे हे? रोज संध्याकाळी, बातम्यांच्या वेळेला, अंघोळबिंघोळ करून फ्रिजसमोर उभे! उत्तरेचा वारा, उद्याचा पाऊस, सगळं मला सांगतात, अगदी छाती ठोकून. आणि रोज चुकतं! मी बटाटे सोलत सोलत "हो का?" म्हणते. नेटवर्कवाल्यांचं बरं असतं हो, पटेनासं झालं की करार मोडतात... मी पडले लग्नाची!