गाळलेल्यांची हजेरी

...आणि जाड तरी किती असावं! उशाला घ्यावं तर मान मोडेल एवढं जाड ते बायबल, अक्षर असं की मुंगीलाही चष्मा लागेल, आणि मी, तुम्हाला सांगतो, मी काय म्हणालो असेन? "त्यात काय आहे? वाचून टाकू!" वाचून टाकू म्हणे! जसं काही भांडी घासून टाकू, पायपुसणं झटकून टाकू...

पण दोष माझा एकट्याचा नाही हो. दोष आत्याचा. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, अजूनही समोरचा माणूस चुळबुळला की हिचा हात खडू शोधतो. तर तिच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आठवड्यात ऑपरेशन व्हायलाच हवं. उशीर केलात तर आणू नका, आणण्यासारखं काही राहायचं नाही." असं यांचं गोड बोलणं! आणि आत्या म्हणते, "अख्खं बायबल ऐकल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही. आयुष्यभर अर्धं-अर्धं वाचलं, आता डोळे चालत नाहीत. पुढारी, तू वाच."

पुढारी म्हणजे मी. कॉलेजात चार मोर्चे काय काढले, घरात तेच नाव पडलं. अंघोळीला गरम पाणी मागितलं तरी, "पुढाऱ्यांची मागणी आली बघा!" ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, दारातूनच म्हणाली, "अरे, तुला औषधाच्या बाटलीवरचं वाचायला धीर नाही, तू हे वाचणार?" मी म्हटलं, "वाचून टाकू!"

सुरुवात झकास झाली. जग निर्माण झालं, महापूर आला, पाणी चढतंय, प्राणी चढतायत, मीही आवाज चढवतोय, आत्या खुशीत. आणि मग आल्या याद्या. अहो, याद्या! अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, ढमका बरीच वर्षं जगला आणि मेला. मेला तर मेला, मी काय करू? पुढं शिरगणती, कुळाकुळाप्रमाणे! मध्येच आत्याचे ओठ निळसर दिसायचे, आणि माझ्या डोक्यात ती झडप फडफडायची. मी एक पान गाळलं. मग तीन. मग बोटाला सवयच लागली. नुसती नावं तर आहेत! कोणाचं काय अडणार आहे?

आणि हे कोण करतंय? मी! भर चौकात घसा फोडून विचारणारा, "इतिहासात सामान्य माणसाचं नाव कुठंय?" अहो, इथं होतं की! पानंच्या पानं! आणि मीच ती उलटली.

एका दुपारी आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "दाराशी कोण आहे रे?"

दार सताड उघडं. बाहेर लख्ख ऊन. मी म्हटलं, "कोणी नाही."

"त्यांना सांग, भिंतीला टेकू नका. रंग निघतो."

मी हसलो. म्हटलं, औषधाची गुंगी. पण तुम्हाला सांगतो, उंबऱ्यावर ऊन अडलं होतं. बाहेर ऊन, आत सावली, आणि मध्ये... काहीच नाही. तेवढ्यात ताई गोळ्या घेऊन आली, दारात अंग चोरलं, आणि म्हणाली, "जरा सरकता का?" मी विचारलं, "कोणाला म्हणालीस?" "कोणाला काय, त्या..." आणि तिनं मागं वळून पाहिलं. गोळ्या तशाच टेबलावर ठेवल्या आणि कोपरा गाठला तिनं.

मी काय केलं? वेग वाढवला! शेवटचं पान संपवलं, बायबल मिटलं, म्हटलं, "झालं! ऊठ, गाडी बोलावतो." आत्या उठली. पाय खाली टेकले. दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा आडवी झाली.

"वाट कुठंय जायला? तू ज्यांना गाळलंस ते सगळे उभे आहेत."

"आत्या, मी काही गाळलं ना..."

"पुढारी! दोनदा नाव पुकारल्याशिवाय कोणाची गैरहजेरी लावली नाही मी कधी. नाव घेतलं नाही की पोर दिवसभर दारातच घुटमळतं. जा मागं. एकही सोडू नकोस."

वाचून टाकू म्हणे! डॉक्टरीणबाईंचा फोन, "निघालात का?" मी ओरडलो, "हजेरी चाललीय!" बाईंनी फोनच ठेवला. मी पहिली यादी काढली, पहिलं नाव घेतलं, जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा जमलं.

"हजर."

मला वाटलं, आत्या. वर पाहिलं, तर आत्याच्या तोंडात थर्मामीटर! ताई कोपऱ्यात, दोन्ही हात स्वतःच्याच तोंडावर. आणि उंबऱ्यावरचं ऊन बोटभर आत सरकलं. मी पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि तिथं तुम्ही!

हो, तुम्हीच! एकमेकांची तोंडं काय बघताय? तुम्ही बाहेर होतात, आतलं तुम्हाला काय ठाऊक, म्हणून तर एवढं घसा सुकवून सांगतोय. मी नाव घ्यायचं, तुमच्यातल्या एकानं "हजर" म्हणायचं आणि आत यायचं. कोणी ट्रंकेवर, कोणी खिडकीत, ते दोघं तर कपाटावर! शेवटी दार मोकळं झालं, स्ट्रेचर बाहेर गेलं, ऑपरेशन झालं, आत्या वाचली. पलीकडच्या खोलीत घोरतेय, ऐका. झडप नवी, घोरणं जुनंच.

आणि तुम्ही? तुम्ही बसलेलेच! मी आत्याला विचारलं, "ही मंडळी जात का नाहीत?" तर म्हणते, "हजेरी तू घेतलीस, सुट्टीही तूच द्यायचीस. नाव घेऊन. एकेकाला."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! वाचून टाकू म्हणे!

चला तर. नाव घेतलं की उठायचं, रांगेत जायचं. हां... शाबास. पुढचे... तुम्ही, कपाटावरचे, सांभाळून उतरा. गेले? पुढचे...

बघा, खोली कशी मोकळी झाली. संपली यादी!

...आणि तुम्ही? मागच्या भिंतीपाशी? एवढ्या जणी? कधी आलात? थांबा, बघतो हं. याचा बाप, त्याचा बाप, त्याचा आजा... बायका म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतक्या, बाकीच्यांचं नुसतं "मुली झाल्या". अहो, तुम्ही यादीत नाहीतच! तुम्हाला मी नाही गाळलं, शप्पथ! ते लिहिणाऱ्यानंच...

आत्या! ए आत्या! यांना काय म्हणून हाक मारू?

"त्यांनाच विचार की! एवढा कॉलेजात शिकलास!"

बरं. सांगा बाई, नाव काय तुमचं? नाही, आधी या पुढच्या. मग तुम्ही. मग... अहो, एकेक! एकेक म्हणालो ना मी!

...बरं. बोला सगळ्याच.